तिसऱ्या पायरीतलं बियाणं

बाळकुम, ६ जून १९५४

दगडूकाका,

नमस्कार करते. मालन तुम्हाला हे वाचून दाखवेल म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. मालन, कुठे अडलीस तर माझी चूक समज, तुझी नाही. अकरा वर्षं शाळेत सगळं इंग्लिशमध्ये लिहिलं, मराठी नुसती घरी बोलायला. म्हणून बोलते तशीच लिहिणार.

मालन, तुझ्या बाबांनी घरी काही सांगितलं नसणार, तर आधी तुला सांगते. मी नंदा भोईर. आमची शेती आणि मिठागर. यंदा माझ्या वडलांनी, दादांनी, माडीचं घर बांधलं आणि त्याचा जिना तुझ्या बाबांनी केला. तेरा पायऱ्या. त्यातल्या तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या पायरीच्या पोटात चोरकप्पे आहेत. बाहेरून नुसती पायरी. उभ्या फळीच्या डाव्या टोकाला पायाच्या अंगठ्याने दाबलं की उजवं टोक पुढे येतं, आणि मग अख्खा कप्पा लोण्यातून निघाल्यासारखा हातात. खिळा नाही, कडी नाही, कुलूप नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खाली बसले आणि वीस वेळा उघडबंद केलं.

तिसऱ्या पायरीत माझ्या आजीचं बियाणं होतं. राता भात. खाडीचं खारं पाणी शेतात शिरलं तरी हे तगतं, दुसरं कुठलं तगत नाही. आजीच्या सासूच्या सासूपासून चालत आलंय आणि परक्याच्या नजरेला ते पडू द्यायचं नाही असा आजीचा नेम. तिसरीच पायरी का, तर पहिल्या पायरीवर बसलं की आजीचा हात तिथे बरोब्बर पोचतो. हे तुझ्या बाबांनी तिला विचारून नाही, बघून ठरवलेलं.

रोहिणी निघाली. पेरायचा दिवस आला. आजीने अंगठा दाबला आणि कप्पा हललाच नाही. आईने दाबला, मी दाबला, शेवटी दादांनी लाथ घातली. पाचवी आणि सातवी पायरी मात्र अगदी छान उघडत होत्या. मग ठाकुर्लीला तुझ्या बाबांना निरोप धाडला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, काका. पण मला ते कुणाला तरी सांगायचंय आणि तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, गुडघे टेकलेत, आणि त्या फटीवरून अंगठ्याचं नख फिरवलंत. एकदा. मग वर बघितलंत. दादा सगळ्या शेजाऱ्यांसमोर बोलले, "सुकं बोल्लास नि ओलं घातलंस. एक फळी ओली घातलीस. माझी पेरनी बसली." मला वाटलं तुम्ही आता काहीतरी बोलणार. तुम्ही म्हणालात, "चूक झाली, शेठ."

बस, एवढंच.

दादांनी पहार घातली तेव्हा तुम्ही तोंड फिरवलं नाहीत. मी फिरवलं. बियाणं बाहेर निघेपर्यंत तुम्ही उभे राहिलात, आईने पाणी पुढे केलं ते घेतलं नाहीत आणि गेलात.

तर बातमी चांगली आहे. बियाणं वाचलं, दोन दिवस उशिरा का होईना पेरून झालं, आता बोटभर वर आलंय. लाकूड फुगलं असेल. मेमध्ये खाडीवरची हवा ओली होते हे तुम्हीच सांगितलेलं. असं होऊ शकतं ना काका, कुणी काही केलेलं नसताना?

तुमची,
नंदा

बाळकुम, २७ जून १९५४

दगडूकाका,

मालनचं कार्ड आलं. "बाबा बरे आहेत. पत्र दोनदा वाचून दाखवले. बाबा काही बोलले नाहीत." मालन, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तिसरी पायरी अजून तशीच फुटकी आहे. दादा दुसरा सुतार आणणार होते, पण लावणीच्या दिवसांत कुणाला वेळ नाही. आम्ही सगळे दुसरीवरून चौथीवर उडी मारतो. मी मात्र रोज दुपारी कंदील घेऊन त्या भोकात डोकं घालून बसते. आई म्हणते, "काय देव दिसतो का आत?"

काका, दिसतो.

फळीची मागची बाजू. जी कुणी बघणारच नव्हतं. पायरी फुटली नसती तर शंभर वर्षं कुणी बघितली नसती. तिलासुद्धा तुम्ही रंधा मारलाय, पुढच्या बाजूसारखाच, हात फिरवला तर काचेसारखी. कप्प्याच्या मागे बोटाएवढी एक पोकळी सोडलीय, ती भिंतीच्या कडेने वरवर जाते. मी उदबत्ती पेटवून आत धरली. धूर सरळ वर गेला आणि पळतपळत माडीवर गेले तर कोपऱ्यातल्या फळीतून बाहेर येत होता. म्हणजे बियाण्याला श्वास घ्यायला तुम्ही जागा ठेवलेली. आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीत. मी तिथेच खाली बसले. मला शाळेत मोठमोठ्या चर्चची चित्रं दाखवलेली, ती बघून असं कधी झालं नव्हतं.

मला तुमचे पहिले तीन दिवस आठवतात. तुम्ही लाकडाला हात लावला नाहीत. नुसते ओट्यावर बसून घरातली माणसं कशी चालतात ते बघत होतात. दादा आईला म्हणालेले, "मेस्त्री आनलाय का पाव्हना?" चौथ्या दिवशी तुम्ही आजीला बोलावलंत, तिच्या पायाखाली एक वीट ठेवलीत, मग तिच्यावर एकेक फळकुट चढवत गेलात. गुडघ्यावर हात ठेवून दर वेळेला विचारलंत, "आता दुखता काय गो आये?" ती नाही म्हणायची. सहाव्या फळकुटाला तिने "जरासा" म्हटलं. तुम्ही एक फळकुट काढलंत आणि म्हणालात, झाला जिना.

मी रद्दीतून घेतलेलं विलायती पुस्तक घेऊन आलेले. त्यात साडेसात इंचाची पायरी होती, चार्टसकट. मी मोठ्या ऐटीत दाखवलं. तुम्ही चित्र नीट बघितलंत आणि विचारलंत, "ह्या पुस्तकवाल्याची आजी किती वर्षांची?"

आणि सत्तर वर्षांची माझी आजी, जी जन्मात कुठल्या घराच्या माडीवर चढली नव्हती, ती हात न धरता तेरा पायऱ्या चढली. वरच्या खिडकीतून तिने आपलं मिठागर बघितलं. एवढी वर्षं तिथे मीठ ओढलं, पण वरून कधी बघितलं नव्हतं. ती बोलली, "एवरासाच हाय कं?" आणि बराच वेळ तिथून हलली नाही.

दुपारी दादा मिठागरावर गेले की तुम्ही मला रंधा धरायला द्यायचात. "ढकलू नको गो. सोड. तो आपला जातो." मुलीने हे करू नये असं एकदाही म्हणाला नाहीत. फक्त एकदा म्हणालात, दरवाजा उघडा ठेव, येणारा-जाणारा बघू दे, मागून बोलायला नको.

फुटलेली फळी मी जपून ठेवलीय. तिच्या कडेच्या पट्ट्यांवरून मी पण नख फिरवून बघते. तुमच्या नखाला काय कळलं ते मला कळत नाही.

नंदा

बाळकुम, १८ जुलै १९५४

दगडूकाका,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुमच्या नखाला काय कळलं ते मला पहिल्या क्षणापासून माहीत आहे.

आधी सांगते आज का लिहितेय. काल मी खोपटला आत्याकडे गेलेले. गोपीनाथशेठ तिच्या शेजारीच घर बांधतायत, त्यांचा जिना तुम्ही करणार होतात ना, गणपतीनंतर. मी सहज विचारलं, दगडू मेस्त्री कधी येणार? ते पान लावत होते. बोलले, "तो? तुझ्या बापाने आख्ख्या ठाण्याला सांगितलंय, ओलं लाकूड घालतो म्हणून. उद्या माझे तांदूळ अडकले तर काय जिना शिजवून खाऊ?" सगळे हसले. मग बोलले की कळव्याच्या एका माणसानेही तुम्हाला नको म्हटलं. आणि आत्या म्हणाली, कुणीतरी तुम्हाला कल्याणला वखारीत फळ्या उतरवताना बघितलं.

फळ्या उतरवताना.

मी टांग्यात बसून घरी आले आणि जेवले नाही. मालन, हे पत्र तू मोठ्याने वाचतेयस. मला माहीत आहे हे तुला कसं वाटेल. तरी वाच.

काका, तुम्ही शिमग्याला गावी गेलात तेव्हा जिना पूर्ण झालेला. फक्त ती फट. तुम्ही तीनही कप्प्यांच्या कडेला फट ठेवलेली, भाताचा दाणा आरपार पडेल एवढी. मी विचारलेलं, "दिसते ना काका, मग चोरकप्पा कसला?" तुम्ही म्हणालात, "दिसूं दे. थांब वायच." मी थांबले नाही. पुस्तकात होतं की उत्तम कामात दोन लाकडांमध्ये कागदसुद्धा जाता कामा नये. मला वाटलं तुमचं एवढं सुंदर काम, आणि एवढ्याशा फटीने लोक नावं ठेवतील. घर बघायला पाडव्याला सगळं गाव येणार होतं. मी सागाच्या बारीक पट्ट्या काढल्या, सरस लावून तिसऱ्या पायरीच्या दोन्ही कडांना चिकटवल्या, रंधा मारला, मेण चोळलं. पाचवीला आणि सातवीला पण करणार होते, पट्ट्या संपल्या म्हणून राहिलं.

पाडव्याला लोकांनी शोधलं, कुणाला तिसऱ्या पायरीतला कप्पा सापडला नाही. दादा खुश. तुमचं नाव घेऊन सगळ्यांना सांगत होते. मी कोपऱ्यात उभी होते आणि मला इतका आनंद झालेला की सांगता येत नाही. मला वाटलं मी तुमचं काम पूर्ण केलं.

तुम्ही नख फिरवलंत तेव्हा तुम्हाला सरस लागला. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. एखादं काम तपासताना बघता तसं, की पट्टी बरी बसवलीय हिने. आणि मग "चूक झाली, शेठ."

माझं नाव घेतलं असतंत तर दादा काय म्हणाले असते मला माहीत आहे. पोरीच्या हातात रंधा दिलास? दुपारी कुणी नसताना? तुम्ही ते सगळं एका सेकंदात बघितलंत आणि स्वतःवर घेतलंत. आणि मी उंबऱ्यात उभी होते. तोंड होतं मला. उघडलं नाही.

माफी मागत नाहीये. माफी मागून तुम्हाला काम मिळणार नाही. मी दादांना सांगणार आहे. कधी ते लिहीत नाही, कारण लिहिलं आणि केलं नाही तर ते अजून वाईट.

नंदा

बाळकुम, १६ ऑगस्ट १९५४

दगडूकाका,

सांगितलं. त्याला सहा दिवस लागले पण सांगितलं.

दादा नारळाची दोरी वळत ओसरीवर बसलेले. मी फुटकी फळी त्यांच्यासमोर ठेवली आणि पट्टी दाखवली. त्यांनी सगळं ऐकलं. ओरडले नाहीत, त्याची मला जास्त भीती वाटली. मग बोलले, "कोनाला बोल्लीस?"

"फक्त मेस्त्रींना."

"मग आता कोनाला बोलू नको. मेस्त्रीचं नाव गेलंय ते येल परत, पुरुष मानूस हाय. तुझं गेलं तं?"

मी म्हटलं, त्यांचं नाव तुम्ही घालवलंत, तुम्हीच परत द्या. ते बोलले, "भोईराची पोर सुतारकाम करते, हे ऐकून आपल्या दारान कोन येल?" आणि दोरी वळायला लागले.

आजी आत तांदूळ निवडत होती. तिला कमी ऐकू येतं असं आम्ही सगळे समजतो. ती सूप ठेवून बाहेर आली. "गणू," ती बोलली, "त्या मानसान माझे गुडघ्यावर हात ठेवून इचारलं, दुखतं कं. तुना कधी इचारलंस?"

दादा उठून शेतावर गेले. तेव्हापासून आमच्याशी जेवणापुरतं बोलतात.

आता दुसरी गोष्ट.  परवा मी जिना पुसत होते. पाचव्या पायरीपाशी थांबले. फट नव्हती. मी डोळे चोळले, कंदील आणला. सातवीला पण नव्हती. मी बोट फिरवलं, नख फिरवलं, काही लागेना. जिथे फेब्रुवारीत भाताचा दाणा पडत होता तिथे आता केससुद्धा जात नाही. आणि अंगठा दाबला तर कप्पा तसाच आला बाहेर, लोण्यासारखा.

लाकडाने स्वतः फट बुजवली. तुम्ही फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेत बसून ठरवलेलं की हे लाकूड ऑगस्टमध्ये किती वाढेल, आणि तेवढीच जागा त्याला सोडलीत. ना एक दाणा जास्त, ना कमी. म्हणून म्हणालात, थांब वायच. मी जे सरस लावून करायला गेले ते आपोआप होणारच होतं. मला फक्त पाच महिने काही न करता बसायचं होतं.

पुस्तक लिहिणाऱ्याच्या देशात लाकूड असं श्वास घेत नसेल. किंवा घेत असेल, त्याला आमची खाडी माहीत नाही. मी त्याच्यावर रागावले नाही. मी पायरीवर डोकं टेकून बसले आणि विचार करत राहिले की या घरात एक माणूस येऊन गेला ज्याला पुढचे महिने हाताने मोजता येतात, आणि आम्ही त्याला लबाड म्हणून घालवलं.

तिसरी पायरी मी परत करतेय. दरवाजा उघडा ठेवून. दादा येता-जाता बघतात. दोन फळ्या वाया गेल्या. पहिलीत मी दाण्याची फट सोडली आणि मग लक्षात आलं की आत्ता लाकूड फुगलेलंच आहे, आत्ता दाण्याएवढी सोडली तर उन्हाळ्यात त्यातून उंदीर जाईल. आता नखाच्या कडेएवढी सोडतेय. बरोबर आहे का ते मला माघात कळेल. एवढं थांबायचं म्हणजे काय असतं ते आत्ता कुठे समजतंय.

नंदा

बाळकुम, ८ सप्टेंबर १९५४

दगडूकाका,

हे पत्र दादांच्या आधी तुमच्याकडे पोचावं म्हणून आजच टाकतेय.

गौरीला आमच्याकडे सगळं गाव येतं. खोपटहून आत्या आली, तिच्याबरोबर गोपीनाथशेठ आणि त्यांची बायको आले. मी मनात ठरवलेलं. हळदीकुंकू झालं, आणि मी गोपीनाथशेठना म्हटलं, "शेठ, तुम्हाला दगडू मेस्त्रीचा जिना बघायचाय का? आत्ता बघा. हवा एवढी ओली आहे की मीठ पाणी झालंय. ओलं लाकूड असेल तर आत्ता कळेल."

ते हसले. "पोरी, पहार तयार ठेव."

मी म्हटलं, कप्पे कुठे आहेत तेवढं शोधा. ते धोतर आवरून वाकले. पहिलीपासून तेरावीपर्यंत गेले, ठोकून बघितलं, चष्मा लावून बघितलं. मग त्यांची बायको वाकली. मग पाडव्याला न आलेल्या सगळ्या बायका. कुणी म्हणतंय चौथीत, कुणी नववीत. आत्या अकरावीवर पैज लावायला निघाली. दादा दारात उभे होते. त्यांना माहीत होतं मी काय करतेय आणि त्यांनी मला थांबवलं नाही. मला वाटलेलं थांबवतील.

मग आजी आली. पाचव्या पायरीला अंगठा लावला. कप्पा बाहेर. सातवीला लावला, बाहेर.  एका बाईने पायरीला हात लावून कपाळाला लावला.

गोपीनाथशेठ बोलले, "मग तिसरी का अडकली?"

मी फुटकी फळी आणली. पट्टी दाखवली. सरस दाखवला. म्हटलं, मेस्त्रींनी फट सोडलेली, ती मी बुजवली. त्यांना न विचारता, ते गावी असताना.

"तू? म्हणजे तू सुतारकाम केलंस?"

"केलं आणि बिघडवलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग माझी मावशी कुजबुजली, ते मला ऐकू आलं, काय ते लिहीत नाही.  पण मला वाटलेलं तसं जमिनीने गिळलं नाही. मी तिथेच उभी होते.

गोपीनाथशेठ दादांकडे वळले. "गणू, तुला माहीत होतं?"

दादा दारातून पुढे आले. मग बोलले, "म्हयना उलटला. माझे पोरीन मना सांगितलं नि मी तिला गप केली." सगळ्यांसमोर. माझ्या वडलांनी, काका, ज्यांनी आयुष्यात कधी आईसमोरसुद्धा चुकलो म्हटलं नाही. नंतर त्यांनी फक्त मलाच विचारलं, "त्याला ठावं होतं कं, तूच केलंस?"

मी म्हटलं, नख फिरवलं तेव्हाच कळलं त्यांना.

"नि बोल्ला नय."

"नाही."

दादा जिन्यावर बसले. तिसऱ्याच पायरीवर, मी केलेल्या. त्या दिवशी गौरीचं जेवले नाहीत. आज सकाळी आईला विचारलं, "ठाकुर्लीला कंच्या चालीन ऱ्हातो तो?" आईने मला विचारलं, मी पत्त्याचं पाकीट दिलं. त्यांनी नारळ घेतलाय आणि धुतलेलं धोतर काढून ठेवलंय. आमच्यात मेस्त्रीच्या दाराशी मालक जात नाही, निरोप जातो. ते उद्या स्वतः येतायत.

काका, एक सांगू? लगेच आत घेऊ नका. मालनच्या आईला, गोदूकाकूंना सांगा, दादांना ओट्यावर थोडं बसवा. ते बसतील. त्यांना बसायचंच आहे.

आणि गोपीनाथशेठ तुम्हाला स्वतः बोलवायला येणार आहेत. मी त्या कामाच्या जवळपास येणार नाही. मला यायचंय, इतकं यायचंय की रात्री हातात रंधा असल्यासारखी बोटं मिटतात. पण खोपटच्या जिन्यावर मी दिसले की लोक म्हणतील, ती भोईराची पोर तिथे लुडबुडतेय, बघू यंदा काय अडकतं. तो जिना तुमचा एकट्याचा असू दे. त्याच्यावर तुमच्याशिवाय कुणाचं नाव येता कामा नये.

नंदा

ठाकुर्ली, २० सप्टेंबर १९५४

नंदाताईस,

बाबा सांगतात तसे मी लिहिते. मालन.

तुझे वडील आले. गोदूने ओट्यावर बसवले. अर्धा तास बसले. मग चहा घेतला, दोन कप.  जाताना माझ्या पायऱ्या मोजून गेले, चाळीच्या, त्या चौदा आहेत, मी केलेल्या नाहीत.

गोपीनाथशेठचे काम घेतले आहे. दसऱ्याला हात घालतो. त्यांना चार कप्पे हवे आहेत. तू तिथे येऊ नको, ते तू म्हणतेस ते खरे. बायामाणसांच्या बाबतीत लोकांची तोंडे धरता येत नाहीत.

पण मला एकट्याला चार कप्पे दिवाळीआधी होत नाहीत. दोन मी करतो. दोन तू घरी करायचेस. लाकूड सोमवारी बैलगाडीने बाळकुमला येईल, मापे फळीवर खुणा करून ठेवली आहेत. मागची बाजू पुढच्यासारखी झाली पाहिजे. घाई केलीस तर परत पाठवीन, दोनदा परत पाठवीन, तिसऱ्यांदा लाकूड तुझ्याकडेच राहील आणि काम माझ्याकडे.

शेठला मी सांगितले आहे की दोन कप्पे कोण करणार. ते म्हणाले, कोणाला सांगू नको. मी म्हटले, विचारल्याशिवाय नाही सांगणार. विचारले तर सांगणार.

नख दर आठवड्याला काढ. वाढलेल्या नखाला लाकूड कळत नाही.

दगडू मेस्त्री